अपघात भरपाईचे बोगस दावे : खऱ्या जखमींची फाईल का अडकते?

माणूस झाडावरून पडतो, पाय मोडतो. महिना-दीड महिन्यानं एजंट घरी येतो. ओळखीतली गाडी ‘धडकली’ असं दाखवायचं, परवाना असलेला चालक उभा करायचा, दोन साक्षीदार गाठायचे आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा ठोकायचा. पैसे विमा कंपनीचे जाणार, मग गाडीमालकाचं काय बिघडतंय, असा हा हिशेब.

उत्तर प्रदेशात असे प्रकार इतके बोकाळले की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या ७ ऑक्टोबर २०१५ च्या आदेशानं एसआयटी नेमावी लागली. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १,३७६ संशयास्पद दावे एसआयटीकडं आले होते. चौकशी पूर्ण झाली फक्त २४६ ची, तीही सहा वर्षांत! तेवढ्यातच १६६ जण प्रथमदर्शनी दोषी आढळले, ८३ गुन्हे दाखल झाले. त्यात वकीलही होते. त्याच नोव्हेंबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं २८ वकिलांना निलंबित केलं. काहींनी तर एकाच अपघाताचा दावा न्यायाधिकरणात आणि कामगार भरपाईच्या कार्यालयात, असा दोन्हीकडं लावला होता.

याचा फटका खऱ्या जखमीला बसतो. कंपनीचा वकील प्रत्येक कागद संशयानं बघतो. सगळ्यात आधी बघतो तो दवाखान्याचा केसपेपर. घाईगडबडीत नातेवाइकानं ‘पडला’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टर तेच लिहितात आणि पुढं तोच कागद आडवा येतो. म्हणून गाडीनं धडक दिली असेल तर दाखल करतानाच तसं स्पष्ट सांगावं. फिर्याद लगेच द्यावी, उशीर झालाच तर त्याचं कारण फिर्यादीत लिहून घ्यावं. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणं पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. सविस्तर अहवालाला ९० दिवस. त्याची प्रत मागून घ्यावी.

कोऱ्या वकीलपत्रावर सही नको, अंगठा तर नकोच. जखमींना मोफत वकील हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं, हेल्पलाईन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्नाची अट नाही.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर दुसऱ्याची गाडी ‘लावायची’ गरज नाही. हिट अँड रन योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.