आधी अनामत, मग आवाज?

सभेत उभे राहून ठराव मांडायचा असेल तर आधी पैसे भरावेत काय? हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पण त्याच्या उत्तरावर लोकशाहीचा दरवाजा किती रुंद राहील हे ठरते. निवडणुकीतील डिपॉझिटच्या रूपाने आपण हा प्रश्न पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. आता तोच प्रश्न संगणकाच्या जाळ्यावर उभ्या राहिलेल्या नव्या संस्थांमध्ये नव्या वेशात आला आहे. आपली शिकलेली मुले सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. उद्या या संस्थांचे नियम लिहिणाऱ्यांत तीही असतील. म्हणून हा विषय परका समजून चालणार नाही.

या संस्थांना 'विकेंद्रित स्वायत्त संस्था' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डाओ' हे नाव रूढ आहे. अशा संस्थेला अध्यक्ष किंवा सचिव असेलच असे नाही. नियम संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले असतात, पैसा सामाईक तिजोरीत असतो आणि सभासदाकडे टोकन, म्हणजे डिजिटल नाणे असते. तिजोरीतला पैसा कशावर खर्च करायचा, नियम कोणता बदलायचा, याचे प्रस्ताव येतात आणि टोकनधारक मतदान करतात. यातील अनेक संस्थांचा नियम असा की, प्रस्तावावर मतदान हवे असेल तर आधी ठराविक टोकन अनामत ठेवा. २०१६ साली इथेरियमवर उभ्या राहिलेल्या 'द डाओ' या गाजलेल्या संस्थेतही हा नियम होता. मतदानाचा कोरम भरला नाही तर प्रस्तावकाची अनामत बुडत असे.

या नियमामागे कारणच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. जेथे कोणीही, कोठूनही, नाव न सांगता प्रस्ताव टाकू शकतो, तेथे कचरा साचतो. प्रस्तावाच्या नावाखाली लोकांना ठकवणाऱ्या लिंक पसरवण्याचे प्रकार घडले आहेत. शंभर खोट्या प्रस्तावांत एक खरा प्रस्ताव हरवला तर नुकसान खऱ्या माणसाचेच होते. तेव्हा गाळणी हवी. प्रश्न एवढाच की, ही गाळणी कचरा अडवते की गरीब माणूस?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. १९९६ साली तमिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचे पुस्तकच छापावे लागले. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० उमेदवार होते. प्रशासनाच्या दृष्टीने हा गोंधळ होता. पण हे उमेदवार कोण होते? मोडाकुरिचीत गाऱ्हाणी न ऐकली गेलेले शेतकरी होते. नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याने हाडे वाकलेल्या गावांचा आक्रोश होता. सरकार ऐकत नाही म्हणून त्यांनी उमेदवारी अर्जालाच निवेदन बनवले होते.

त्यावर उपाय कोणता झाला? लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून एकदम १०,००० रुपये करण्यात आली, आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरील उमेदवाराला दहा सूचक आवश्यक ठरले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत १३,९५२ उमेदवार होते. १९९८ मध्ये ते ४,७५० वर आले. यात हौशे-गवशे गेले हे खरे. पण त्यांच्याबरोबर नलगोंड्याचा आवाजही गेला, हे कोणी मोजले? अनामत हौशी माणूस आणि पीडित माणूस यांत फरक करीत नाही. ती फक्त खिसा पाहते.

आपल्या कायद्याने एक गोष्ट मात्र ओळखली होती. सर्वांना सारखी रक्कम म्हणजे सर्वांवर सारखा भार नव्हे. म्हणून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १९५१ च्या कायद्यापासून निम्मी अनामत आहे. आज लोकसभेसाठी ती २५,००० ऐवजी १२,५०० आणि विधानसभेसाठी १०,००० ऐवजी ५,००० रुपये आहे. न्यायालयाचा दरवाजाही असाच सैल केलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत निर्धन व्यक्तीला कोर्ट फी न भरता दावा लावता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते. ही मेहेरबानी नाही. विषमतेच्या समाजात समान नियम लावल्यास विषमताच वाढते, या वस्तुस्थितीची ती कबुली आहे.

डाओमध्ये अशी कबुली देण्याची सोयच नाही. आज्ञावलीला टोकन दिसते, माणूस दिसत नाही. बंगळुरूचा पगारदार, नायजेरियाचा विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियाचा भांडवलदार यांना एकच आकडा लागू होतो. शिवाय येथे मतदानही बहुधा टोकनच्या संख्येवर असते. म्हणजे संपत्ती दोनदा मोजली जाते. एकदा प्रस्ताव मांडताना आणि पुन्हा मत देताना. आपल्या सहकारी संस्थेत सभासदाचे शेअर कितीही असोत, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे मत एकच. डाओ स्वतःला लोकांची संस्था म्हणवते, पण तिचा पिंड सहकारी संस्थेचा नसून कंपनीचा आहे. आणि कंपनीत काय होते ते पाहा. १९५६ च्या कायद्यात बाहेरच्या व्यक्तीला संचालकपदासाठी उभे राहायला ५०० रुपये अनामत होती. २०१३ च्या कायद्यात ती १ लाख झाली.

टोकनच्या अनामतीत आणखी एक मेख आहे. रुपयाची अनामत रुपयात परत मिळते. टोकनचा भाव मात्र सतत हलतो. पोल्काडॉटचे डॉट हे नाणे नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ५५ डॉलरवर होते. २०२३ मध्ये ते ५ डॉलरच्या आसपास आले. आकडा तोच, पण त्याची किंमत आज एका माणसाची महिन्याची कमाई, तर उद्या वर्षाची. मतदान संपेपर्यंत टोकन गोठतात ते वेगळेच. श्रीमंताचे वरकड टोकन गोठते. गरिबाची गंगाजळी गोठते.

मग अनामत रद्दच करावी काय? आमचे म्हणणे तसे नाही. चांगले नियम करता येतात आणि काही ठिकाणी ते झालेही आहेत. पोल्काडॉटमध्ये २०२३ साली सुरू झालेल्या पद्धतीत मागणी लहान असेल तर अनामत लहान. छोट्या बक्षिसाच्या प्रस्तावाला १ डॉट, तर संपूर्ण यंत्रणा बदलणाऱ्या प्रस्तावाला १ लाख डॉट. ही अनामत प्रस्तावकाऐवजी दुसरा कोणीही भरू शकतो आणि प्रस्ताव हरला तरी ती परत मिळते. प्रस्ताव घातक म्हणून बाद ठरवला तरच जाते. कॉसमॉस हबमध्ये अनेकजण थोडे थोडे टोकन टाकून अनामत पुरी करू शकतात. मात्र तेथे एक तृतीयांशाहून अधिक मतशक्तीने नकाराधिकार वापरला तर अनामत जाळली जाते. कपटी प्रस्तावाला हे ठीक. पण अल्पसंख्येच्या नावडत्या मागणीला शिक्षा म्हणूनही हे हत्यार चालू शकते. युनिस्वॅपमध्ये अनामत नव्हती, पण प्रस्तावासाठी स्वतःचे किंवा इतरांनी सोपवलेले १ कोटी टोकन पाठीशी लागत. २०२१ साली ती अट २५ लाखांवर आणावी लागली. उंबरठा उंच केला की घरात शांतता येते, पण माणसेही येत नाहीत, हे त्यांनाही कळले.

या अनुभवावरून आम्ही चार कसोट्या मांडतो. एक, अनामतीची जप्ती कपटासाठी असावी, पराभवासाठी नसावी. या कसोटीवर आपला निवडणूक कायदाही उतरत नाही. एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळालेल्या प्रामाणिक उमेदवाराची अनामत तो आजही जप्त करतो. दोन, रक्कम प्रस्तावाच्या मागणीच्या प्रमाणात असावी आणि भाव बदलला की तिचा फेरविचार व्हावा. तीन, दहाजणांनी मिळून अनामत भरण्याची मुभा असावी. चार, आणि हीच सर्वांत महत्त्वाची, पैशाला पर्याय असलाच पाहिजे. ज्याच्याकडे अनामत नाही, पण पन्नास सभासदांचा पाठिंबा आहे, त्याचा प्रस्ताव मतदानाला गेलाच पाहिजे. एकच माणूस पन्नास खाती उघडेल, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय शोधणे हे कारागिरांचे काम आहे. ती अडचण पुढे करून फक्त पैशाचाच दरवाजा ठेवणे हा उपाय नव्हे, ती सोय आहे. आणि ती नेहमी पैसेवाल्यांच्याच पथ्यावर पडते.

मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर मोजला जात होता, त्या काळात बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. डाओमध्ये तर ही विसंगतीही उरत नाही. तेथे राजकीय समताच वजा करून टाकलेली आहे.

तेव्हा आमच्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. उद्या अशा संस्थेचे नियम लिहिण्यासाठी संगणकापुढे बसाल तेव्हा अनामतीचा आकडा टाकण्यापूर्वी एकदा नलगोंड्याची गावे आठवा. त्या पाण्याने वाकलेला माणूस तुमच्या संस्थेत ठराव मांडू शकेल काय? उत्तर 'नाही' असेल, तर तो नियम खोडा आणि पुन्हा लिहा.