हळदीची कॅप्सूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनमुळे येतो. हळकुंडाच्या वजनात ते साधारण 3 टक्केच असते. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये मात्र 95 टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला अर्क असतो. त्यामुळे ‘हळद तर रोजच खातो, कॅप्सूलने काय होणार?’ हे म्हणणे टिकत नाही. आमटीच्या फोडणीत पाव चमचा हळद पडते, म्हणजे एक ग्रॅमही नाही, आणि तीही घरातल्या सगळ्यांच्या ताटांत वाटली जाते. 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलएवढे कर्क्युमिन पोटात जायला सुमारे 16 ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे हळद एकट्याने खावी लागेल.

गिळले म्हणजे अंगी लागले, असेही नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि जे थोडे शोषले जाते त्याचे रूप आतडे व यकृत झपाट्याने बदलून टाकतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडले. सोबत मिऱ्यातले पिपरीन अवघे 20 मिलिग्रॅम दिल्यावर हे प्रमाण सुमारे वीसपट झाले. म्हणूनच अनेक कॅप्सूलमध्ये पिपरीन मिसळतात. पण पिपरीन शरीरातली जी विकरे रोखते, त्यांतली काही इतर औषधांचाही निचरा करतात. रोज गोळ्या घेणाऱ्याने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

‘अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले’ हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. परीक्षानळीत कर्क्युमिन मुक्त मूलकांना निष्प्रभ करते हे खरे. शरीरात तेवढे पोचते कुठे? गाजराला रंग देणाऱ्या बीटा कॅरोटीन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची चाचणी झाली. 1994 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला.

पेटंटची गोष्टही हळदीच्या गुणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरच्या लढ्यामुळे. जखमेवर हळद लावणे भारतात जुनेच, एवढे त्यातून ठरले. तिच्या गुणाची परीक्षा तिथे झालीच नव्हती.

फायद्याचा बरा पुरावा आहे तो गुडघेदुखीत. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर चार आठवडे झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क वेदनेवर आयबुप्रोफेनच्या जवळपास बरोबरीने उतरला. कर्करोग किंवा अल्झायमर बरा होतो, याला असा आधार नाही.

वनस्पतीपासून आले म्हणून निर्धोक, हे तर मुळीच धरून चालू नये. अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या एका नोंदणीत 2004 ते 2022 या काळात हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेले 10 रुग्ण सापडले. त्यांतला एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती, पण ती आपल्यात आहे का हे दुकानातून डबी घेताना कुणाला ठाऊक नसते. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल सुरू करू नये. अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर ती त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.