समुद्र कोणाचा आणि झाडलोट कोणाची ?

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुलांना समुद्राची ओढ लागते, आणि हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळें, तारकर्ली यांपैकीं यंदा कोठें जावें याचा घरांत खल सुरू होतो. गाडीभाडें, राहणें, जेवण यांचा अंदाज बांधला जातो. अलीकडे कांहीं ठिकाणीं या खर्चांत आणखी एक कलम मिळवावें लागतें, तें म्हणजे गांवाच्या वेशीवर किंवा समुद्रकांठीं द्यावयाच्या कराचें. पावतीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यास पाहतांच गाडींतील वडीलधाऱ्यांपैकीं कोणी तरी हटकून म्हणतें, “आतां समुद्रालाहि तिकीट काय ?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. गोव्यांतील कळंगुट येथील ग्रामपंचायतीनें २०२४ सालीं, राहण्याची सोय अगोदर न करतां गांवांत येणाऱ्या प्रवाशांवर कर बसवावा असा ठराव केला, तेव्हां त्यावर पुष्कळ वाद झाला. इतर देशांतहि हाच वाद चालू आहे. म्हणून दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेणें इष्ट होय.

कर नको म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाहीं. रोमन सम्राट् जस्टिनिअन याच्या सहाव्या शतकांतील कायद्यानें हवा, वाहतें पाणी, समुद्र आणि समुद्राचा कांठ हीं सर्व मनुष्यांचीं सामाईक ठरविलीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९६ सालीं बियास नदीच्या प्रकरणांत, अशा नैसर्गिक संपत्तीचें सरकार हें मालक नसून विश्वस्त आहे, हें तत्त्व मान्य केलें. शिवाय यात्रेकरूंवरील कराची आपल्याकडील आठवण कडूच आहे. अकबर बादशहानें तो १५६३ सालीं उठविला. पुरीच्या जगन्नाथाच्या यात्रेवरील कर कंपनी सरकारनें १८४० सालीं बंद केला. देवदर्शनावर कर बसविणें लोकांना रुचलें नाहीं. मग सूर्यास्त पाहण्यावर तो कां बसावा, असें कोणी विचारल्यास त्यास वावगें म्हणतां येणार नाहीं.

पण गांवकऱ्यांचीहि बाजू आहे. समुद्र फुकट असला तरी समुद्रकांठ स्वच्छ राखण्याचें काम फुकट होत नाहीं. गांवांतील नळयोजना गांवच्या वस्तीचा अंदाज घेऊन बांधलेली असते. सुटीच्या दिवसांत तेथें वस्तीच्या कितीतरी पट माणसें उतरतात. त्यांना पिण्यास व आंघोळीस पाणी लागतें, शौचकूप लागतात, गाड्या उभ्या करण्यास जागा लागते, आणि बुडणाऱ्यास वांचविण्यासाठीं कसलेले पोहणारे लागतात. सोमवारीं पाहुणे परत जातात. प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या आणि उष्टीं पात्रें मागें राहतात. तीं उचलणाऱ्या बाईची मजुरी कोणीं द्यावयाची ? ग्रामपंचायतीचें स्वतःचें उत्पन्न मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी यांचें. म्हणजे भरणार घरधनी आणि वापरणार पाहुणा. हॉटेलच्या बिलांत वस्तु व सेवा कर असतो हें खरें. परंतु तो केंद्र व राज्य यांच्यांत वांटला जातो, गांवाच्या पेटींत आपोआप पडत नाहीं. पाहुण्यांमुळें ज्यांच्या खाणावळी चालतात त्यांचा फायदा होतो. पण ज्या कोळ्याची होडी त्याच वाळूवर ओढली जाते, त्याच्या वांट्यास बहुधा कचराच येतो.

इतर देशांनीं हा गुंता कसा सोडविला हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत ब्रॅडली बीच या गांवानें १९२९ सालीं समुद्रकांठीं येणाऱ्यांकडून पैसे घेण्याचा पायंडा पाडला. त्याच्या शेजारच्या ॲव्हन या गांवानें १९७० सालीं एक पाऊल पुढें टाकलें आणि परगांवच्या लोकांना गांवकऱ्यांहून अधिक दर लावला. आंतल्या बाजूस असलेल्या, स्वतःचा समुद्रकिनारा नसलेल्या नेपच्यून सिटीनें याविरुद्ध दाद मागितली. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं दिलेला निकाल विचार करण्याजोगा आहे. समुद्रकांठ राखण्यासाठीं वाजवी शुल्क घेण्यास गांवाला हरकत नाहीं. मात्र आपला आणि परका असा भेद त्यांत करतां येणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ.

स्पेनच्या बॅलिआरिक बेटांनीं निराळा मार्ग धरला. तेथें २००२ सालीं प्रवाशांवर कर बसला आणि सरकार बदलतांच २००३ सालीं तो गेला. २०१६ मध्यें तो पुन्हां आला, तो मात्र टिकला. हा कर वाळूवर उभें राहून गोळा करीत नाहींत. राहण्याच्या जागेच्या बिलांत रात्रीगणिक घेतात. जागा जितकी भारी तितका दर अधिक. २०१८ पासून भर हंगामांत उंची हॉटेलांत तो माणशीं रात्रीस ४ युरो झाला. १६ वर्षांखालील मुलांना तो माफ असतो, आणि नवव्या दिवसापासून निम्माच पडतो. मालदीवनें २०१५ मध्यें दर माणशीं दर दिवशीं ६ डॉलर हरितकर सुरू केला व २०२५ पासून तो १२ डॉलर केला. पण वस्तीच्या बेटांवरील लहान अतिथिगृहांत त्याच्या निम्माच ठेवला. उलट बाली बेटावर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना सरसकट दीड लाख रुपिया शुल्क आहे. तें न भरतांच अनेक जण फिरून जातात, हें तेथील अधिकाऱ्यांनींच मान्य केलें आहे. कर बसविणें सोपें. तो सर्वांकडून सारखा वसूल करणें अवघड.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत यात्रेकरूंवरील कराचा उल्लेख आहे. म्हणजे ही कल्पना आपल्याला अगदींच नवी नाहीं. कर घ्यावा कीं न घ्यावा यापेक्षां तो कशावर घ्यावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. समजा, माणशीं २० रुपये ठरले. आजी, आजोबा, काका, काकू आणि मुलें मिळून चौदा माणसांचें एखादें कुटुंब सकाळीं एस. टी. नें येऊन, घरचा डबा खाऊन, संध्याकाळीं परत गेलें तर त्याला २८० रुपये पडतील. महागड्या हॉटेलांत दोन दिवस राहून मोटार, पाणी, वीज सर्व कांहीं वापरणारें जोडपें ४० रुपयांत सुटेल. हा न्याय नव्हे. ज्यांच्या संसारांत समुद्र पाहण्याचा योग वर्षाकांठीं एकदांच येतो, त्यांना वेशीवरच अडविणारा कर गांवाच्या स्वच्छतेपेक्षां गांवाच्या लौकिकाचीच हानि अधिक करील.

म्हणून आमच्या मतें कर असावा, पण तो समुद्राबद्दल नसून सोयीबद्दल असावा. राहण्याच्या खोलीच्या भाड्यावर, गाडी उभी करण्याच्या जागेवर, स्नानगृहाच्या वापरावर तो खुशाल घ्यावा. पायीं चालत पाण्यापर्यंत जाणाऱ्याची वाट मोकळी असावी. दर वेशीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे आणि छापील पावतीशिवाय एक पैसाहि घेऊं नये. जमेचें खातें वेगळें ठेवावें, आणि किती आले, किती सफाईवर गेले, किती जीवरक्षकांच्या पगारावर गेले, याचा तक्ता ग्रामसभेंत वाचून समुद्रकांठींच लावावा. ज्या गांवाची ही तयारी नसेल, त्यानें पावतीपुस्तक हातीं धरूं नये.

आपल्या बाजूनेंहि एक कर्तव्य उरतें. नातलगांकडे जातांना आपण मुलांसाठीं खाऊ नेतों, तो त्यांच्या जेवणाचा मोबदला म्हणून नव्हे, तर रिकाम्या हातानें जाऊं नये म्हणून. परक्या गांवच्या अंगणांत चार दिवस राहणाऱ्यानें वाजवी शुल्क याच वृत्तीनें द्यावें. पावती मात्र मागून घ्यावी, तक्ता लावलेला आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि नसल्यास सरपंचांकडे शांतपणें विचारणा करावी. निघतांना आपली उष्टीं पात्रें आणि बाटल्या पिशवींत भरून परत न्याव्या. शुल्क भरलें म्हणून त्या वाळूंत टाकण्याचा हक्क मिळत नाहीं, हें मुलांना समजावून सांगण्यास अशा सहलीइतकी चांगली संधि दुसरी नाहीं.