महसीर आणि गळाची चकरी

इंदूरच्या दक्षिणेस वाहणाऱ्या नर्मदेतील महसीर माशाची संख्या घटत गेल्याने मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. गळाला लागताच हा मासा वेगाने दोर ओढीत प्रवाहात धावतो. म्हणून गळाची चकरी घेताना प्रथम तिचा ब्रेक पारखावा. हाताने ओढलेला दोर झटके न देता एकसारखा सुटला पाहिजे. चकरीचे रीळ धातूचे असावे व त्यावर सुमारे २०० मीटर दोर मावावा. वापरानंतर वाळू धुऊन तेल दिल्यास साधी, स्वस्त चकरीही अनेक वर्षे टिकते. ब्रेक चांगला असल्यास झुंज लवकर संपते आणि मासा फारसा न थकता जिवंत परत सोडता येतो. १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात मात्र मासेमारीस बंदी असते, हे ध्यानी ठेवावे.