एका हवेत दोन कारभार

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ पासून अनोळखी माणसं खुशाल लोकांच्या घरात शिरतात आणि पुस्तक घेऊन बसतात. ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून तिथं पहिल्यांदा पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली गेली, त्यातली बरीच लोकांच्या राहत्या घरांत. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत मुक्कामाला येणारे ते वेगळेच. आणि भिलार असो की सांगलीचं विश्रामबाग, पाहुणा टेकला की चहाच्या आगेमागे एक प्रश्न येतोच: वायफायचा पासवर्ड काय हो?

नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. पण तेवढ्या एका शब्दासरशी त्याच्या फोनला टीव्ही, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, लेकीच्या लॅपटॉपवरची शेअर केलेली फोल्डरं, सगळ्यांच्या दारापर्यंत जाता येतं. पाहुणा सज्जनच असतो. त्याच्या फोनमध्ये काय शिरून बसलंय, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते. बटण दाबायचं, पाहुण्यांना दुसरं नाव आणि दुसरा पासवर्ड द्यायचा, झालं. मला खरी गंमत वाटते ती याच्या पुढे. कारण घरात नवीन काहीच आलेलं नसतं. डबी तीच, अँटेना तीच, लहरही तीच.

मग फोनच्या यादीत दोन नावं दिसतात कशी? एकच डबी दोन नावांनी हाळी देते म्हणून. बहुतेक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, ‘मी अमुक, मी इथं आहे’ असं सांगत असतात. गेस्ट चालू केलं की तेवढ्याच वेळा दुसऱ्या नावानं. सोबत स्वतःचा हार्डवेअर पत्ताही किंचित बदलून सांगायचा. फोनची समजूत होते की भिंतीवर दोन डब्या आहेत.

हवेत मात्र कसलीच वाटणी होत नाही. पाहुण्याच्या फोनची लहर बैठकीतून निघते ती तुमच्या टीव्हीच्या अँटेनावरही आदळते, लॅपटॉपवरही आणि शेजाऱ्यांच्या घरातही जाते. फरक इतकाच की आतला मजकूर कुलूपबंद असतो. फोन जोडला जाताना तो आणि राउटर चार निरोपांची देवाणघेवाण करतात आणि पासवर्डवरून दोघंही आपापल्या जागी एकच किल्ली तयार करतात. ना पासवर्ड हवेतून जातो, ना ती किल्ली. टीव्हीला पाहुण्याचं पाकीट ऐकू येतं, उघडता येत नाही. तो टीव्हीशी बोलायला गेला तरी बोलणं राउटरमार्फतच जाणार, आणि राउटर ते पुढे देत नाही. बहुतेक ठिकाणी गेस्टवरच्या दोन फोनांनाही एकमेकांशी बोलू देत नाहीत.

एकाच डबीत हे सोपं आहे. पण महाबळेश्वर पट्ट्यातल्या जुन्या घरांना जांभ्याच्या जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झची लहर त्यातून जाता जाता अर्धमेली होते. सांगलीकडे तीन मजली आरसीसी, प्रत्येक स्लॅबमध्ये सळयांची जाळी. म्हणून लोक मेश घेतात: दोन-तीन डब्या घरभर, आपसात बोलणाऱ्या. आता माडीवरच्या डबीनं पाहुण्याचं पाकीट घेतलं. हवेतलं कुलूप तिनं काढलं, कारण ते पाहुण्यापासून तिच्यापर्यंतच होतं. इथून खालच्या मुख्य डबीकडे जायला वाट एकच, आणि घरच्यांची पाकिटंही त्याच वाटेनं जातात. खाली पोहोचल्यावर कुणाचं कोणतं, हे ओळखायचं कसं?

तारेवर याचं उत्तर आहे चार बाइटांचा शिक्का. ८०२.१क्यू या नावाचं हे मानक १९९८ सालचं. पहिले दोन बाइट फक्त ‘इथं शिक्का आहे’ एवढंच सांगतात. उरलेल्या सोळा बिटांपैकी चार इतर कामांना जातात आणि बारा बिटांत जाळ्याचा क्रमांक बसतो. बारा बिटांत ४०९६ आकडे. पहिला आणि शेवटचा राखीव. म्हणजे एका तारेवरून ४०९४ वेगवेगळी जाळी, एकमेकांची चाहूलही न लागता. टीपी-लिंकच्या डेको डब्या पाहुण्यांसाठी ५९१ हा आकडा वापरतात. काही राउटरवर तो आपल्याला निवडता येतो. एका सातारकरानं घराला ११ आणि पाहुण्यांना १० दिलेला मी पाहिला आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा ज्यांना पाठ आहेत, त्यांना यातली खोच कळेल.

एका जागी दोन कारभार सातारा-सांगलीच्या मुलखाला नवे नाहीत. इथंच १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीकडे असलेले भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली. गावं तीच, पायवाटा त्याच, मध्ये कुंपण कुठं नव्हतं. तंटा घेऊन कुणाच्या दारी जायचं, तेवढं वेगळं होतं. पाहुण्यांचं जाळंही घरच्या जाळ्यात असंच नांदतं.

अर्थात वाटेतल्या प्रत्येकाला तो शिक्का कळला किंवा निदान चालला पाहिजे. साधी इथरनेट फ्रेम, म्हणजे तारेवरचं पाकीट, जास्तीत जास्त १५१८ बाइटांची. शिक्क्यामुळे ती १५२२ ची होते. माडीकडे जाणाऱ्या केबलमध्ये एखादा फार जुना, स्वस्तातला स्विच असला, तर त्याला हे माप चालत नाही आणि तो पाकीट चक्क टाकून देतो. मग माडीवर गेस्टची रेंज फुल, इंटरनेट मात्र नीट चालेना. घरचं वायफाय त्याच जागी सुरळीत. चार बाइट जास्त झाले म्हणून! आजचे बहुतेक साधे स्विच शिक्क्याकडे न बघता पाकीट तसंच पुढे ढकलतात, म्हणून हा घोळ आता कमी दिसतो.

मोठं भोक असतं ते भलतीकडेच. फायबरवाला येतो आणि आपला डबा लावून जातो. तो डबा स्वतःच राउटर असतो. त्याच्या मागे आपण मेश जोडतो. मध्येच कॅमेरेवाला येऊन गेलेला असतो, आणि त्यानं डीव्हीआरची वायर मोकळं पोर्ट दिसलं म्हणून फायबरच्या डब्यात खोचलेली असते. आता मेशच्या बाजूनं बघा. घरातलं म्हणजे तिच्या पोटातलं. तिच्या वरच्या वायरीपलीकडचं सगळं बाहेरचं, म्हणजे इंटरनेट. पाहुण्याला घरात जाऊ द्यायचं नाही, बाहेर जाऊ द्यायचं, असा तिला हुकूम आहे. डीव्हीआर तिच्या हिशेबानं बाहेर आहे! त्यामुळे ती पाहुण्याला अगदी नियमानं तिथवर पोहोचवते. अंगणातल्या कॅमेऱ्यांपुढे उरतो फक्त डीव्हीआरचा पासवर्ड, आणि तो कंपनीतून आला तसाच असण्याची शक्यता दांडगी. काही मेश १९२.१६८ सारखे घरगुती पत्ते गेस्टला बंद करतात, सगळ्या नाही करत.

उपाय पाच मिनिटांचा आहे: डीव्हीआरची वायर काढून मेशच्या मुख्य डबीत लावायची. जमल्यास फायबरवाल्याला सांगून त्याचा डबाही ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा, म्हणजे राउटरचं काम एकटी मेश करेल. उलट मेशलाच ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं तर जपून. काही मेशमध्ये त्या मोडवर गेस्टची सोयच बंद होते, काहींत नाव वेगळं राहतं आणि आतून सगळं एकच होतं. तपासायचं असेल तर स्वतः पाहुणे व्हा. फोन गेस्टवर घ्या आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा, डीव्हीआरचा, फायबरच्या डब्याचा पत्ता टाकून बघा. काही उघडता कामा नये. हे प्रत्येक डबीजवळ उभं राहून करा, कारण पाहुण्याला कुठल्या जाळ्यात घ्यायचं ते ज्या त्या डबीपाशी ठरतं.

सगळं चोख झालं की पहिली तक्रार पाहुण्याचीच येते. त्याला लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचा असतो. फोन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ‘दाखवायला कुणी आहे का?’ असं विचारतो. ती हाक त्याच्या जाळ्यापुरतीच फिरते. टीव्ही समोर चार हातांवर असला तरी त्याच्या जाळ्यात नाही, म्हणून उत्तर येत नाही. काही राउटरवर यासाठी गेस्टला घरात वाट देणारं बटण असतं, पण ते दाबलं तर ही सगळी खटपट केली कशाला? पेन ड्राइव्ह अजून चालतो.