दुपारी दोनला बंद पडणारा कॉम्प्युटर

मे महिन्यातली दुपार होती. जळगावच्या मेहरूण तलावावरून येणारा वारासुद्धा त्या वेळी भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा भाजतो. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून हाक मारली, ‘‘भाऊ, जरा पाहून जा ना. दोन वाजले की कॉम्प्युटर बंदच पडून जातो.’’ मुलीचा प्रवेशाचा फॉर्म अर्धवट भरून पडला होता. एका दुकानात ‘फॉरमॅट’ मारून विंडोज नव्याने टाकून झालं होतं. दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा तेच.

मी आधी विचारलं, ‘‘सकाळी पडतो का बंद?’’ ‘‘नाही.’’ ‘‘रात्री उशिरा?’’ ‘‘नाही, अकरानंतर चांगला चालतो.’’ अर्धं निदान तिथेच झालं. विंडोज बिघडलेलं असतं, तर त्याने घड्याळ पाहिलं नसतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कॉम्प्युटर उघडता उघडता मी एवढं शिकलो, की दुरुस्तीत ‘केव्हा’ हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. केव्हा बंद पडतो, केव्हा मंदावतो, त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं, हे आठवडाभर कागदावर लिहून ठेवा. निम्मा खर्च वाचतो.

आपला उन्हाळा आणि पस्तीस अंश

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. जुन्या धाब्याच्या घरात दुपार सुसह्य होती. आताच्या सिमेंटच्या स्लॅबखाली दिवसभर मुरलेली उष्णता रात्रीपर्यंत खाली झिरपत राहते. म्हणजे यंत्राला जी खोली हवी, ती उन्हाळाभर आपल्याकडे नसतेच.

प्रोसेसर तापत तापत शंभर अंशांच्या आसपास पोहोचला, की आधी स्वतःच वेग कमी करतो. आपण म्हणतो, ‘कॉम्प्युटर स्लो झाला.’ तरीही तापमान चढत राहिलं, तर जळून जाऊ नये म्हणून तो झटक्यात बंद होतो. उन्हाळ्यात मंदावणं आणि बंद पडणं हे बहुधा एकाच तापाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर लक्ष दिलं, तर दुसरा येत नाही.

काकूंच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण त्याच्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचा थर गोधडीतल्या कापसासारखा घट्ट बसला होता. वारा जायला फटच उरली नव्हती. प्लग काढला, पंखा बोटाने धरून ठेवला (ब्लोअरच्या झोताने तो मोकाट फिरला तर खराब होतो) आणि अंगणात नेऊन धूळ उडवली. उरलेली मऊ ब्रशने काढली. पात्या आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि वाटाण्याएवढा नवा ठिपका दिला. एवढं काम पाऊण तासाचं.

कूलर सुरू, कॉम्प्युटर बंद

दुसरं कारण भिंतीतल्या बोर्डात सापडतं. कूलरची किंवा फ्रिजची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, दिवा मिणमिणतो आणि त्याच बोर्डावरचा कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे त्याच्याजवळ एका आवर्तनाचाही साठा नाही. म्हणूनच इन्व्हर्टरवर घरातला दिवा नुसता लवतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. अनेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ मोडचा एक खटका असतो. त्यावर ठेवलं, की वीज लवकर बदलून मिळते.

एसएमपीएस आणि मदरबोर्डवरच्या कपॅसिटरचं आयुष्यही उष्णतेवर ठरतं. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश वाढीला ते निम्मं होतं. मदरबोर्डवर वरचा पत्रा फुगलेला कपॅसिटर दिसला, तर कारण समोरच आहे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. बोर्डाला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

यंत्राची रोजनिशी

विंडोज स्वतः नोंदी ठेवतं. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा आणि ‘सिस्टिम’च्या नोंदी पाहा. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, तर कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. उष्णता, वीज, एसएमपीएस यांवर संशय घ्या. ‘१०७४’ असेल, तर बंद करण्याचा हुकूम कुणा प्रोग्रॅमने किंवा माणसानेच दिला होता. बऱ्याचदा तो अपडेट असतो.

उलटी तक्रारही येते : ‘शट डाउन’ रोज करतो, तरी जुना घोळ जात नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. पूर्ण बंद करायचं तर शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा, किंवा आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’.

सकाळीही मंद असेल तर

गारव्यातही कॉम्प्युटर रेंगाळत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’ सतत शंभर टक्के दिसते? जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून काटा हलवून माहिती शोधावी लागते. विखुरलेली माहिती ती सेकंदाला शंभर-दीडशे वेळाच उचलू शकते. एसएसडीला हलणारा भाग नाही, ती तेच काम हजारो वेळा करते. जुन्या कॉम्प्युटरवर पैसे खर्च करायचे असतील, तर पहिले एसएसडीवर करा. ‘मेमरी’ भरलेली दिसली, तर रॅम ४ जीबीवरून ८ करा. ‘स्टार्टअप’मधले बिनकामाचे प्रोग्रॅम बंद करा, आणि दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रावर लिनक्स मिंट टाकता येतं. मराठी टायपिंग तिथेही होतं.

या सगळ्याआधी एक काम : फोटो, मार्कशीट, सातबाराचे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर बाकी सगळं थांबवून आधी हेच करा. मशीन बाजारात मिळतं. लग्नाचे फोटो मिळत नाहीत.

काकूंचा कॉम्प्युटर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवलेला होता. तो आतल्या भिंतीकडे वीतभर जागा सोडून ठेवला आणि कूलरची पिन दुसऱ्या बोर्डावर लावली. नवा सुटा भाग एकही लागला नाही. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, तीनच्या सुमाराला मुलीने फॉर्म भरून पावती छापली आणि मला दाखवायला आली.

दिवाळीची जाळी-जळमटं काढताना आपण देव्हाऱ्यापासून माळ्यापर्यंत सगळं घर झाडतो. त्याच दिवशी कॅबिनेटचं झाकणही उघडा. आणि खान्देशात राहतो म्हणून आणखी एकदा उघडा, ऊन टोकाला जायच्या आत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधायच्या आधी.