ई-रिक्षा कुठवर जावी?

वर छप्पर, पुढे काच आणि सीटखाली बॅटरी असलेली छोटी ई-रिक्षा आता शहरांतून आपल्या तालुक्याच्या गावांकडे येऊ लागली आहे. धूर नाही, आवाज नाही, खर्च कमी. बेकार बसलेल्या मुलाला ती घेऊन द्यावी का, असे अनेक घरांत बोलले जाते. पण ही गाडी कुठल्या रस्त्यावर चालावी, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात मोठा वाद झाला तो माथेरानमध्ये. 2003 साली हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर, नाही तर माणसाने ओढलेल्या हातरिक्षात बसून जायचे. शाळेची मुले आणि म्हातारी माणसे यांचे त्यात फार हाल होत. रिक्षा ओढणाऱ्याचे तर विचारूच नका! छातीत दम कोंडेपर्यंत दुसऱ्या माणसाचा भार चढावर ओढायचा, तेव्हा घरची चूल पेटायची.

सेवानिवृत्त शिक्षक सुनील शिंदे यांनी हातरिक्षाचालकांसाठी हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मे 2022 मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांच्या चाचणीला परवानगी दिली आणि डिसेंबरात चाचणी सुरू झाली. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची काळजी होती, तर पर्यावरणवाद्यांना मातीच्या वाटांची. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच 2024 मध्ये न्यायालयाने संख्येवर 20 ची मर्यादा घातली आणि या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या, असे बजावले.

6 ऑगस्ट 2025 च्या निकालात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियाप्रमाणे सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन चालकांना भाड्याने द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीचे पेव्हर ब्लॉक बसवायला मुभा मिळाली. आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर मात ते बसवायचे नाहीत. म्हणजे गाडी आली, पण रस्ता ठरवून आली, आणि ज्याची रोजी जाणार होती त्याचा हक्क पहिला मानला गेला.

आता आपल्या औंधचे पाहू. केंद्राच्या 2014 च्या नियमांप्रमाणे ई-रिक्षाचा वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा जास्त नसतो आणि चारच प्रवासी बसवता येतात. स्टँड, बाजारपेठ, शाळा, दवाखाना, मशीद एवढ्या टापूत हा वेग पुरेसा आहे. गुडघे धरलेल्या दादीला दवाखान्यात न्यायचे तर मुलाच्या सुट्टीची वाट बघावी लागणार नाही. पण हीच गाडी रहिमतपूर किंवा वडूजच्या रस्त्याला लागली, तर मागून भरधाव येणारा ट्रक आणि उसाची ट्रॉली यांच्यामध्ये तिचा निभाव कसा लागावा? यमाईच्या डोंगराचा चढही चारजण बसवून आणि ब्रेक तपासून पाहिल्याशिवाय खुला करू नये. उतरताना ब्रेकचीच खरी परीक्षा असते.

2016 च्या केंद्रीय अधिसूचनेने ई-रिक्षाला परमिटातून सूट दिली. त्याचबरोबर ठरावीक भागात किंवा रस्त्यावर तिला बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारकडे ठेवला. परमिट लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असा समज करून घेऊ नका. नोंदणी, विमा आणि वाहन चालवण्याचा परवाना लागतोच. कर्ज काढण्याआधी ही कागदपत्रे पाहा. अपघात झाला आणि विमा नसला, तर घरदार विकायची पाळी येते.

ग्रामसभेत हा विषय आपणच मांडायला हवा. गावात आधीपासून रिक्षा चालवणाऱ्यांना, विधवा आणि गरजू भगिनींना या गाड्यांत पहिला वाटा मिळावा. थांबे ठरावेत आणि गावाच्या वेशीबाहेर हमरस्त्यावर प्रवासी नेऊ नयेत. महिलांनीही सभेला जाऊन बोलावे, कारण दवाखान्याची आणि शाळेची पायपीट सगळ्यांत जास्त त्यांच्याच वाट्याला येते.